घरातल्या यंत्रांना नावं द्या: राउटरवर स्वतःच्या डीएनएस नोंदी कशा कराव्यात

घरात प्रिंटर आहे, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आहे, एका जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्यांचे फोटो साठवलेले आहेत. यातल्या कुठल्याही यंत्रापर्यंत पोचायचं तर दर वेळी १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा आठवावा लागतो. त्यात पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे लाइट किती वेळा जाते-येते ते आपल्याला माहीत आहे. लाइट आली की राउटर पुन्हा पत्ते वाटायला बसतो. काल १२ वर असलेला प्रिंटर आज १५ वर जाऊन बसलेला असू शकतो. मग पान निघत नाही आणि दोष प्रिंटरला लागतो.

उपाय असा की प्रत्येक यंत्राला एक कायमचा पत्ता द्यायचा, त्या पत्त्याला एक नाव द्यायचं आणि ही जोडी घरच्या राउटरमध्ये नोंदवून ठेवायची. बेळगावात टिळकवाडीला आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर भावाचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. मराठी-कन्नड लग्नपत्रिका, उतारे, शाळेचे दाखले, सगळं एकाच वायफायवर. तिथे ही व्यवस्था बसवली, मग निपाणी आणि चिकोडीच्या पाहुण्यांकडेही बसवून दिली. इंग्रजीत यावर पुष्कळ माहिती आहे, पण आपल्याकडे केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबा आणि त्यामागे आपण घेतलेला राउटर अशी जोडी असते, तिचा विचार त्यात क्वचितच दिसतो. नवख्या माणसाचा वेळ नेमका तिथेच जातो.

मूळ गोष्ट आधीच सांगतो. नोंद लिहिणं अगदी सोपं आहे. पण तुमचा फोन किंवा लॅपटॉप ज्या सर्व्हरला पत्ता विचारतो, त्याच सर्व्हरवर ती नोंद असली तरच तिचा उपयोग. घरातल्या प्रत्येक यंत्राने आपल्याच राउटरला विचारावं अशी तजवीज करणं हे खरं काम आहे. पायरी ६ त्यासाठीच आहे, ती गाळू नका.

आणखी एक सूचना. या लेखात पत्ते मराठी अंकांत आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत. राउटरमध्ये भरताना अंक आणि अक्षरं दोन्ही इंग्रजीच हवीत. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी बदला. मराठी अंकांतला आयपी (म्हणजे यंत्राचा १९२.१६८ सारखा पत्ता) राउटर स्वीकारत नाही, आणि चूक काय झाली तेही नीट सांगत नाही.

डीएनएस म्हणजे काय, एवढ्यापुरतं

नाव दिलं की पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच मजकूर-फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी ती फाइल पुरेनाशी झाली, म्हणून काम अनेक सर्व्हरांत वाटून दिलं गेलं. घरात आपण करणार आहोत ती मात्र पुन्हा तशीच एक छोटी यादी. ती राउटरवर राहील. यादीतलं नाव विचारलं तर राउटर स्वतः उत्तर देईल, बाकी सगळं बाहेरच्या सर्व्हरला विचारून सांगेल.

नोंदींचे प्रकार बरेच आहेत, घरासाठी दोन पुरतात. ‘ए’ नोंद नावाला आयपी पत्ता जोडते. ‘सीनेम’ नोंद एका नावाला दुसरं नाव जोडते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यासाठी ‘एएएए’ नोंद असते, घरातल्या यंत्रांसाठी सुरुवातीला तिची गरज पडत नाही.

हाताशी काय हवं

- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि बहुधा राउटरखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तिथे नसेल तर ज्याने बसवला त्याच्याकडून घ्या.
- त्या चिठ्ठीचा फोटो. मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन दोन्ही दिसले पाहिजेत.
- इंटरनेट कनेक्शनचं पीपीपीओई (इंटरनेट सुरू करायच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड. काम बिघडून राउटर रिसेट करावा लागला तर हे नसताना इंटरनेट परत येत नाही. रविवारी संध्याकाळी ते मागायला जाण्यापेक्षा आजच मागून घ्या.
- ग्राहक क्रमांक आणि केबलवाल्याचा फोन नंबर.
- लॅपटॉप आणि लॅन केबल. फोनवरून सगळं होतं, पण वायफायचं सेटिंग बदलताना वायफायच तुटलं तर केबल कामी येते.
- एक वही. घरातलं प्रत्येक यंत्र, त्याचा मॅक पत्ता (तो काय ते पायरी ४ मध्ये), द्यायचा आयपी आणि द्यायचं नाव असे चार रकाने आखा.

सुरुवात करण्याआधी राउटरच्या मेनूतला बॅकअप घ्या. सहसा ‘सिस्टीम टूल्स’ किंवा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ खाली ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ असतं. जी फाइल मिळेल ती लॅपटॉपवर जपून ठेवा.

पायरी १: खरा राउटर कोणता ते ओळखा

आपल्या भागातल्या बहुतेक घरांत दोन डबे असतात. एक फायबरची वायर जिथे येते तो, त्याला ओएनटी म्हणतात. दुसरा आपण नंतर विकत घेतलेला राउटर. दोन्ही वायफाय देतात, दोन्ही पत्ते वाटतात. घरातली अर्धी यंत्रं एकावर आणि अर्धी दुसऱ्यावर असली तर एका डब्यावर केलेली नोंद दुसऱ्यावरच्या यंत्रांना कळतच नाही.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ (ipconfig /all) ही कमांड चालवा. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’ आणि ‘डीएनएस सर्व्हर्स’ या दोन ओळी बघा. फोनवर वायफायच्या नावाला दाबून धरलं किंवा शेजारच्या चक्राला टेकवलं की हीच माहिती दिसते. घरातल्या चार-पाच यंत्रांवर हे बघून वहीत लिहा. सगळीकडे गेटवे एकच असेल तर पुढे चला.

वेगवेगळे असतील तर दोन मार्ग आहेत. पहिला, केबलवाल्याला ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं. मग ओएनटी फक्त वायर जोडण्याचं काम करतो आणि पीपीपीओई लॉगिन आपल्या राउटरवर येतं. येणारा मुलगा कन्नड बोलणारा असेल तर ‘ब्रिज मोड माडि कोड्री’ (ब्रिज मोड करून द्या) एवढं पुरतं, त्याला लगेच समजतं. दुसरा मार्ग, ओएनटीला हात न लावता त्याचं वायफाय बंद करायचं आणि घरातलं सगळं आपल्या राउटरवर घ्यायचं. याला डबल नॅट म्हणतात. काही ऑनलाइन गेमना आणि बाहेरून घरात येणाऱ्या जोडण्यांना त्याचा त्रास होतो, पण आपल्या नोंदींना काही होत नाही. कनेक्शन देणारा ब्रिज मोडला तयार नसेल तर खुशाल हा मार्ग धरा.

इथे एक खाच आहे. ओएनटी आणि राउटर दोघेही १९२.१६८.१ ही मालिका वापरत असतील तर पत्ते एकमेकांवर आदळतात. आपल्या राउटरची लॅन (घरातली) मालिका बदलून १९२.१६८.५० अशी काहीतरी करून टाका. पुढची उदाहरणं मी हीच मालिका धरून देतो, राउटर १९२.१६८.५०.१ वर आहे असं समजा.

पायरी २: तुमच्या राउटरला नोंदी ठेवता येतात का ते बघा

राउटरच्या मेनूत तीन वेगळ्या गोष्टींवर ‘डीएनएस’ लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस इथेच चुकतो.

‘प्रायमरी डीएनएस’ आणि ‘सेकंडरी डीएनएस’ असे रकाने दिसले तर त्यात फक्त दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता भरता येतो. नोंद करण्याची जागा ती नाही. ‘डायनॅमिक डीएनएस’ किंवा ‘डीडीएनएस’ दिसलं तर ते बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा पत्ता कळवण्यासाठी असतं, आपल्या कामाचं नाही. आपल्याला हवं ते ‘होस्टनेम्स’, ‘लोकल डीएनएस’, ‘स्टॅटिक डीएनएस’ किंवा ‘डीएनएस होस्ट मॅपिंग’ अशा नावाखाली असतं. तिथे एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला आयपी भरायची सोय दिसली पाहिजे.

ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली घातलेल्या राउटरवर ही सोय आहे. मायक्रोटिकच्या राउटरवर आहे. काही राउटर पत्ता राखून ठेवतानाच शेजारी नाव विचारतात आणि त्या नावाने उत्तर द्यायला लागतात. फायबरसोबत मिळणाऱ्या आणि स्वस्तातल्या बहुतेक डब्यांत मात्र ही सोय नसते. तुमच्यात नसेल तर निराश होऊ नका, दोन पर्याय आहेत.

एक, राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी घालणं. त्यासाठी तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी तपासा, आणि मॉडेलसोबत हार्डवेअर व्हर्जनही जुळवा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन राउटरांच्या आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीची फाइल चढवली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. घरात एकुलता एक राउटर असेल आणि त्यावर मुलांचे ऑनलाइन क्लास किंवा दुकान चालत असेल, तर हा प्रयोग त्याच्यावर करू नका असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरा, रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर किंवा घरातला कमी वीज खाणारा जुना कॉम्प्युटर घेऊन त्यावर पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम बसवणं. दोन्ही मोफत आहेत. जाहिराती अडवणं हे त्यांचं मुख्य काम, पण नोंदी ठेवण्याची त्यांची सोय इतकी सुटसुटीत आहे की नवख्या माणसाला मी हाच मार्ग सुचवतो. यात राउटर शाबूत राहतो. मन पालटलं तर एक सेटिंग उलटवलं की सगळं पूर्वीसारखं.

पायरी ३: नावं ठरवा

हे मजेचं काम वाटतं आणि घाईत उरकलं जातं, पण नावाचं शेपूट, म्हणजे ठिपक्यानंतरचा शेवटचा भाग, चुकलं तर पुढे कारण न सापडणारे घोटाळे होतात.

शेपूट म्हणून ‘डॉट लोकल’ घेऊ नका. ते २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएस नावाच्या वेगळ्या पद्धतीसाठी राखलेलं आहे. प्रिंटर आणि अ‍ॅपलची यंत्रं ती पद्धत वापरतात. तुमची नोंद राउटरवर बरोबर असली तरी काही यंत्रं राउटरला न विचारता थेट वायफायवर हाक मारत बसतील. ‘डॉट डेव्ह’ही नको. ते खरोखर विकलं जाणारं शेपूट आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसचाच, म्हणजे सुरक्षित जोडणीचाच, हट्ट धरतात.

घरासाठी अधिकृतपणे राखलेलं शेपूट आहे ‘होम डॉट आर्पा’. इंग्रजीत एच-ओ-एम-ई, ठिपका, ए-आर-पी-ए. २०१८ पासून ते घरगुती नेटवर्कसाठीच ठेवलेलं आहे, बाहेर कुणाला विकत मिळत नाही. ते लांब वाटत असेल तर ‘डॉट इंटर्नल’ घ्या, खासगी वापरासाठी आयकॅन या इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये ते राखून ठेवलं. आमच्याकडे होम डॉट आर्पा आहे.

शेपटाआधीच्या भागात फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ चालते. मोकळी जागा आणि खालची रेघ नको. देवनागरी किंवा कन्नड नावं राउटरच्या रकान्यात टाकू नका. नाव यंत्राच्या कामावरून ठेवा, कंपनीवरून नको. ‘प्रिंटर-दुकान’, ‘कॅमेरा’, ‘फोटो’ अशी नावं यंत्र बदललं तरी टिकतात. घरात सत्तरीच्या आजी असतील तर त्यांना जे टाइप करता येईल ते नाव.

पायरी ४: पत्ता पक्का करा

नोंद म्हणते की ‘फोटो’ १९२.१६८.५०.२० वर आहे. उद्या तोच कॉम्प्युटर २७ वर गेला तर नोंद खोटी ठरते. म्हणून आधी पत्ता बांधायचा.

राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या) विभागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीजेस’ शोधा. तिथे यंत्राचा मॅक पत्ता आणि द्यायचा आयपी भरा. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, दोन-दोन अक्षर-अंकांच्या सहा जोड्या. राउटरच्या ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ यादीत तो मिळतो. प्रिंटर केबलवर आणि वायफायवर दोन्हीकडे चालणारा असेल तर त्याला दोन वेगळे मॅक पत्ते असतात. जो वापरात आहे तोच भरा.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक न सांगता बनवलेला मॅक सांगतात. फोनला नाव द्यायची सहसा गरज नसते. तरी एखादा जुना फोन कॅमेरा म्हणून वापरत असाल तर त्या वायफायपुरतं हे सेटिंग बंद करा. विंडोजमध्येही ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ नावाने ही सोय असते.

रिझर्व्हेशन भरल्यावर ते यंत्र एकदा बंद करून चालू करा आणि नवा पत्ता घेतलाय याची खात्री करा. ती झाल्याशिवाय पायरी ५ ला हात लावू नका.

पायरी ५: नोंद लिहा

ओपनडब्ल्यूआरटीवर ‘नेटवर्क’ मेनूत ‘डीएचसीपी अँड डीएनएस’ उघडा, त्यात ‘होस्टनेम्स’ सापडेल. नाव आणि आयपी भरा, मग ‘सेव्ह अँड अप्लाय’. नुसतं ‘सेव्ह’ केलं तर बदल वाट बघत थांबतो, लागू होत नाही. ‘स्टॅटिक लीजेस’मध्ये पत्ता बांधताना नाव दिलं असेल तर तेवढ्यानेही ते नाव चालतं. त्याचं मूळ शेपूट ‘लॅन’ असतं, ते ‘लोकल डोमेन’मध्ये बदलता येतं.

मायक्रोटिकवर ‘आयपी’ मेनूत ‘डीएनएस’, त्यात ‘स्टॅटिक’, मग नवी नोंद. घरातल्या यंत्रांना राउटरकडून उत्तर मिळावं म्हणून ‘अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स’ला टिक करावी लागते. ही टिक करताना सावध राहा. राउटरची मूळ फायरवॉल पुसलेली असेल तर बाहेरच्या जगालाही तुमचा राउटर उत्तरं द्यायला लागतो आणि दुसऱ्यांवर हल्ला करायला त्याचा वापर होतो. बाहेरच्या बाजूने येणारं पोर्ट ५३ (डीएनएसचं दार), यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, बंद आहे याची खात्री करा.

पाय-होलवर ‘लोकल डीएनएस रेकॉर्ड्स’ आणि अ‍ॅडगार्ड होमवर ‘फिल्टर्स’खाली ‘डीएनएस रीराइट्स’. दोन रकाने, एक बटण, काम झालं.

आमच्या वहीतली यादी साधारण अशी दिसते:

- राउटर.होम.आर्पा: १९२.१६८.५०.१
- प्रिंटर-दुकान.होम.आर्पा: १९२.१६८.५०.११
- कॅमेरा.होम.आर्पा: १९२.१६८.५०.१५
- फोटो.होम.आर्पा: १९२.१६८.५०.२०

फोटोंच्याच कॉम्प्युटरवर हिशोबाचं सॉफ्टवेअरही असेल तर ‘हिशोब.होम.आर्पा’ अशी सीनेम नोंद करून ती फोटो.होम.आर्पाकडे वळवा. कॉम्प्युटरचा पत्ता बदलला तरी एकच ओळ दुरुस्त करावी लागते.

नोंदीत पोर्ट लिहिता येत नाही, हे नीट लक्षात घ्या. डीव्हीआर ८०८० या पोर्टवर उघडत असेल तर नोंदीत फक्त आयपी जाईल, आणि ब्राउझरमध्ये तुम्हाला नावापुढे विसर्गचिन्ह (म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरचं कोलन) आणि ८०८० लिहावंच लागेल. ‘नाव दिलं तरी कॅमेरा उघडत नाही’ असं ज्यांनी मला सांगितलं, त्यांच्यापैकी बहुतेकांची अडचण एवढीच होती.

पायरी ६: प्रत्येक यंत्र तुमच्याच राउटरला विचारेल असं करा

डीएचसीपी पत्ते वाटताना यंत्रांना डीएनएस सर्व्हर कोणता तेही सांगतो. राउटरच्या लॅन बाजूच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये हा रकाना असतो. तिथे १९२.१६८.५०.१ हा राउटरचाच पत्ता हवा. पाय-होल वापरत असाल तर पाय-होलचा.

आणि त्याखालचा ‘सेकंडरी’ रकाना रिकामा ठेवा. इथे गूगलचा ८.८.८.८ टाकायचा मोह सगळ्यांना होतो, ‘पहिला बंद पडला तर दुसरा चालेल’ म्हणून. पण दुसरा सर्व्हर फक्त अडचणीतच वापरायचा असा नियम यंत्रं पाळतीलच असं नाही. काही यंत्रं दोघांना आलटून-पालटून विचारतात, काही एकदा दुसऱ्याकडे गेली की तिथेच राहतात. गूगलच्या सर्व्हरला तुमचा प्रिंटर कुठे आहे ते माहीत नाही. तो ‘असं नाव अस्तित्वात नाही’ असं ठाम उत्तर देतो, आणि ते ठाम असल्यामुळे यंत्र पुन्हा पहिल्याला विचारायला जात नाही. परिणामी नाव कधी चालतं, कधी चालत नाही. अशी अधूनमधून येणारी अडचण शोधणं सगळ्यात त्रासाचं.

८.८.८.८, १.१.१.१ किंवा ९.९.९.९ हे बाहेरचे सर्व्हर वापरायचेच असतील तर त्यांची जागा राउटरच्या वॅन बाजूला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडच्या सेटिंगमध्ये आहे. घरातली यंत्रं राउटरला विचारतील आणि राउटर बाहेर त्यांना विचारेल. तिथे दोन-दोन सर्व्हर दिले तरी हरकत नाही.

एवढं करूनही काही यंत्रं राउटरला वळसा घालतात. ती एकेक करून तपासा.

अँड्रॉइड फोन. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाचं सेटिंग आहे. ते ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर चालतं. पण जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून पुष्कळांनी तिथे बाहेरच्या सर्व्हरचं नाव भरलेलं असतं. मग तो फोन कुठल्याही वायफायवर असला तरी सगळं बाहेरच विचारतो. ‘ऑटोमॅटिक’ करा.

ब्राउझर. क्रोममध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ आणि फायरफॉक्समध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ असतं. त्यात बाहेरची सेवा निवडलेली असेल तर फक्त त्या ब्राउझरपुरती नावं उघडत नाहीत. प्रिंटर छापतो पण त्याचं पान ब्राउझरमध्ये येत नाही, असं झालं तर आधी हेच बघा.

आयपीव्ही६. हे सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. तुमच्या कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू असेल तर यंत्रांना डीएनएस सर्व्हरचा आणखी एक पत्ता त्या वाटेने मिळतो, आणि तो बहुधा कनेक्शन देणाऱ्या कंपनीचा असतो. ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’मध्ये डीएनएस सर्व्हरच्या ओळीत २ ने सुरू होणारा, विसर्गचिन्हांनी जोडलेला लांब पत्ता दिसला तर संशय घ्या. एफई८० ने सुरू होणारा पत्ता असेल तर तो बहुधा तुमचा राउटरच, काळजी नको. राउटरच्या लॅन आयपीव्ही६ सेटिंगमध्ये कंपनीचा डीएनएस पुढे वाटणं बंद करा, किंवा तिथे राउटरचाच पत्ता द्या.

व्हीपीएन, म्हणजे दूरच्या नेटवर्कशी जोडणारी बंदिस्त वाट. ऑफिसचं व्हीपीएन चालू असलेला लॅपटॉप ऑफिसच्या सर्व्हरला विचारतो. बंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांचं काम घरून करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर घरची नावं न चालण्याचं हेच कारण असतं. ऑफिसच्या यंत्राची सेटिंगं बदलू नका, त्यापुरता आयपीच वापरा.

काही टीव्ही आणि कॅमेऱ्यांत ८.८.८.८ कारखान्यातूनच भरलेला असतो. ती यंत्रं स्वतः कुणाचं घरगुती नाव विचारत नाहीत, त्यामुळे सोडून दिलं तरी चालतं.

पाय-होलवाल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आता घराचं सगळं इंटरनेट त्या छोट्या डब्यावर अवलंबून आहे. तो बंद पडला की राउटरचे दिवे हिरवे दिसतील, पण एकही साइट उघडणार नाही. ओएनटी आणि राउटरसाठी बाजारात मिनी यूपीएस मिळतात. घेताना आपल्या यंत्रांच्या अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवा. राउटर बहुधा १२ व्होल्टचा असतो, रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात, एकाच्या जागी दुसरं लावू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर तिन्ही डबे त्याच्याच बोर्डवर घ्या. आणि तुम्ही घरी नसताना पाय-होल बंद पडला तर डीएचसीपीमधला डीएनएस पुन्हा राउटरचा कसा करायचा, हे घरातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा.

पायरी ७: तपासा

आधी यंत्रांचं वायफाय बंद करून चालू करा, म्हणजे नवीन सेटिंग त्यांच्यापर्यंत पोचेल. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस’ (ipconfig /flushdns) चालवून जुनी उत्तरं पुसा. मग ‘एनएसलुकअप’ (nslookup) लिहून मोकळी जागा सोडून पूर्ण नाव द्या.

उत्तराच्या पहिल्या दोन ओळी सांगतात की कोणत्या सर्व्हरला विचारलं. सर्व्हरच्या नावापुढे ‘अननोन’ आलं तर घाबरू नका, राउटरच्या पत्त्याला उलटी (पत्त्यावरून नाव सांगणारी) नोंद नाही एवढाच अर्थ. त्याखालचा आयपी राउटरचा आहे ना, ते बघा. नसेल तर पायरी ६ मध्ये काहीतरी राहिलंय.

आता तीच कमांड नावापुढे १९२.१६८.५०.१ जोडून चालवा. यात आपण थेट राउटरला विचारतो. असं विचारल्यावर उत्तर येतं पण साध्या कमांडला येत नाही, तर नोंद बरोबर आहे आणि यंत्र चुकीच्या सर्व्हरला विचारतंय. दोन्हीकडे ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ येत असेल तर नोंदीतलं स्पेलिंग बघा. ‘टाइम्ड आउट’ येत असेल तर राउटर किंवा पाय-होल उत्तरच देत नाही.

एनएसलुकअप बरोबर, पण ब्राउझरमध्ये गूगलचं सर्च पान उघडतं? नावाआधी ‘एचटीटीपी’, विसर्गचिन्ह आणि दोन तिरप्या रेघा लिहा. ब्राउझरला हे शेपूट ओळखीचं नसतं, म्हणून तो शोधायला जातो. एकदा उघडलं की बुकमार्क करून ठेवा.

‘सुरक्षित नाही’ असा इशारा येईल. घरातल्या यंत्राच्या पानावर प्रमाणपत्र नसतं म्हणून तो येतो. तुमच्याच घरातल्या, तुम्हीच नाव दिलेल्या यंत्रापुरता तो ओलांडायला हरकत नाही. बँकेच्या साइटवर असा इशारा आला तर तिथल्या तिथे थांबायचं.

बाहेरून कॅमेरे बघायचे असतील तर

पुण्याला किंवा गोव्याला नोकरीसाठी गेलेली मुलं विचारतात की हेच नाव तिथून चालेल का. चालणार नाही. ही नोंद फक्त घराच्या भिंतींच्या आत खरी आहे आणि १९२.१६८ चे पत्ते बाहेरून पोचण्यासारखेही नाहीत. शिवाय राउटरच्या वॅन बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतायत. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेली मागणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) चालत नाही. त्यासाठी घरापर्यंत व्हीपीएन उभं करावं लागतं. ते उभं राहिलं आणि त्यात डीएनएस म्हणून घरचा राउटर दिला, की मग हीच नावं पुण्यातूनही चालतात. डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका.

पायरी ८: लिहून ठेवा

सगळं चाललं की राउटरचा नवा बॅकअप घ्या. वहीतल्या यादीची एक प्रत कागदावर काढून राउटरजवळ चिकटवा, पण त्या कागदावर पासवर्ड नको.

इंटरनेट बंद पडल्यावर येणारा माणूस पुष्कळदा आल्या-आल्या राउटरमागचं छोटं बटण दाबून धरतो. त्यात तुमच्या सगळ्या नोंदी, रिझर्व्हेशनं आणि पीपीपीओईचं लॉगिन पुसलं जातं. दारातच सांगा: ‘रिसेट माडब्याड्री (रिसेट करू नका), आधी मला दाखवा.’ तुम्ही घरी नसाल तर जो असेल त्याला हे वाक्य पाठ करून द्या. कनेक्शन बदललं आणि नवा ओएनटी आला तरी राउटर तुमचाच असेल तर नोंदींना धक्का लागत नाही, फक्त वॅन बाजूला नवं लॉगिन भरावं लागतं. राउटरच बदलणार असाल तर जुन्याचा बॅकअप नव्यावर चढवू नका, मॉडेल वेगळं असेल तर तो चालत नाही. वही उघडा आणि पायरी ४ पासून एकेक ओळ पुन्हा भरा.